एप्रिलच्या उकाड्यात दाण्यापासून पेल एल: १९ अंश आणायचे कुठून?

सेलरवाली_दिंडोरी

नमस्कार मंडळी. मी दिंडोरीकडच्या एका वायनरीत सेलरला आहे. हार्वेस्ट मार्चमध्ये उरकला, टाक्या आता आपापलं काम करताहेत आणि मला रिकामपण सोसत नाही. म्हणून यंदा बिअर करून बघायची आहे. तीसुद्धा डब्यातल्या तयार सिरपची नाही, बार्लीच्या दाण्यापासून.

कायद्याचं आधीच सांगते, नाहीतर पहिली चार उत्तरं त्यावरच येतील. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, अगदी घरच्यापुरती असली तरी. माझ्या मावसभावाची परवाना असलेली मायक्रोब्रुअरी आहे. नवीन बिअर आधी थोडी करून बघायला त्यांच्याकडे वीस लिटरचा सेट आहे: मोठं पातेलं, जाळीची पिशवी आणि आंबवायचा स्टीलचा फर्मेंटर. तिथेच करणार. त्यांचा ब्रुअर म्हणाला, "ताई, सेट घ्या, पण मला विचारत बसू नका, सीझन आहे." म्हणून तुमच्या दारात आले.

हवी आहे ती अमेरिकन वळणाची पेल एल. ग्लास नाकाशी नेला की पपनसाचा, संत्र्याच्या सालीचा वास पुढे यायला हवा. कडवट असू दे, पण घशात रेंगाळणारं कडू नको.

हाताशी एक अमेरिकन रेसिपी आहे. दाणे ६७ अंशांना तासभर भिजवा, तासभर उकळा, गार करा, १९ अंशांना फर्मेंट करा. इथेच घोडं पेंड खातं. हा सेट ज्या खोलीत आहे तिथे सध्या दुपारी ३६ असतं. छोट्या फर्मेंटरला गार ठेवायचं जॅकेट नाही, आणि ब्रुअरीच्या गार खोलीत पाय ठेवायला जागा नाही. बरं, पाणीसुद्धा दोन तऱ्हेचं: नळाचं आणि बोअरचं. बोअरच्या पाण्याने गिझरचं काय होतं ते बघते आहे, त्यामुळे ते वापरावं असं वाटत नाही. आईचं म्हणणं, एवढं कशाला, संत्र्याची साल टाक की आला वास.

द्राक्षाचं मला कळतं, दाण्याचं काही कळत नाही असं समजून सांगा.

अंबड_टिग

पातेलं वगैरे आहे म्हणता, मग माझं काम फक्त दळणापुरतं. मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गल्लीतल्या गिरणीत नेऊ नका. गिरणीवाला दादा कितीही म्हणाला "भरड काढून देतो ना", तरी जात्याच्या दगडात साल चिरडली जाते, अर्धं पीठ होतं आणि पिशवीतून पाणी उतरत नाही. दाणा फुटायला हवा, साल अख्खी राहायला हवी. त्यासाठी दोन रोलरची चक्की लागते, फट एक मिलिमीटरच्या आसपास. ब्रुअरीत असणारच. पिशवीत करताय म्हणून थोडं बारीक चालेल.

पिशवी उचलायला वर हुक आणि पुली आहे का बघा. भिजलेले पाच किलो दाणे हातावर धरून निथळायचे म्हणजे खांदे भरून येतात. नसेल तर पातेल्यावर बसेल अशी स्टीलची जाळी करून घ्या, अंबडला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे ऑफकटमधून होते. ३०४ चं स्टील सांगा.

मॅशमास्तर

सेलरवाली ताई, उत्तर एका वाक्यात देतो आणि मग लांबण लावतो. एप्रिलच्या नाशकात १९ अंशांच्या मागे लागू नका, यीस्ट बदला.

नॉर्वेच्या पश्चिमेकडे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी सांभाळलेलं यीस्ट आहे, त्याला क्वाइक म्हणतात. त्यातलं व्हॉस गावाकडचं वाण आता कोरड्या पाकिटात मिळतं. ते ३५ ते ४० अंशांना खुशाल चालतं. नेहमीचं अमेरिकन एल यीस्ट या तापमानाला टाकलंत तर फ्यूजेल अल्कोहोल चढतं, नेलपॉलिश रिमूव्हरकडे झुकणारा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायची वेळ येते. व्हॉस मात्र याच उष्णतेत स्वच्छ राहतं आणि वर संत्र्याच्या अंगाचा वास सोडतं. तुम्हाला हवा तोच. म्हणजे खोलीतले ३६ अंश ही तुमची अडचण नाहीच, उलट गार करायचा खर्च वाचला.

दुसरी सोय अशी की वॉर्ट, म्हणजे दाण्यांचा गोड रस, गार करायची कटकट निम्मी होते. उकळलेला रस कॉइलने गार करायचा, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी या दिवसांत तिशीच्या वर. त्या पाण्याने वॉर्ट ३५-३६ च्या खाली येतच नाही. एल यीस्टवाले इथून पुढे बर्फाच्या लाद्या आणायला पळतात. तुम्ही तिथेच थांबायचं आणि पाकीट ओतायचं. आंबताना उष्णता निघते, वीस लिटरला दोन-तीन अंश चढतील. चाळिशीच्या वर जातंय असं वाटलं तर फर्मेंटरभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, टेबलफॅन सोडा. क्वाइकला खायला जरा जास्त लागतं, तुमच्या सेलरमधलं यीस्ट न्यूट्रियंट थोडं टाका. तीन-चार दिवसांत फेस बसलेला दिसेल.

आता पाणी. बोअर नकोच, तुमचा गिझर खरं बोलतोय. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी बायकार्बोनेटने भरलेलं असतं. त्याने मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या दाण्यांचा, पीएच वर राहतो, सालीतला टॅनिन उतरतो आणि हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचं) कडू खरखरीत लागतं, म्हणजे तुम्हाला नको असलेलं घशातलं कडू. नळाचं पाणी गंगापूर धरणाचं, ते तुलनेने हलकं, पण त्यात क्लोरीन. क्लोरीन आणि मॉल्टमधली फिनॉलं एकत्र आली की बिअरला दवाखान्याच्या पट्टीचा वास लागतो आणि तो काही केल्या जात नाही. तुमच्याकडे केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पोत्याने असेल. तीस लिटर पाण्याला ०.२ ग्रॅम, म्हणजे सेलरच्या हिशेबाने काहीच नाही, ते ढवळलं की क्लोरीन गेलं. वायनरीचा हात सैल सोडू नका, इथे सल्फाइटचं दुसरं काही काम नाही.

मी असतो तर आरओचा वीस लिटरचा जार आणि दहा लिटर नळाचं असं मिसळलं असतं. त्यात सहा ग्रॅम जिप्सम, दोन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. जिप्समच्या सल्फेटने हॉप्सचा कडवटपणा नेमका आणि कोरडा लागतो, रेंगाळत नाही. खाण्याच्या दर्जाचं घ्या हो. बागेत टाकायच्या गोणीतलं जिप्सम काढून आणाल, म्हणून सांगतो.

दाणे: पेल मॉल्ट साडेचार किलो, कॅरामेल मॉल्ट पाव किलो. संपलं. अमेरिकन रेसिप्यांत कॅरामेल मॉल्ट अर्धा किलोपर्यंत असतं, त्या गोडव्याखाली पपनस दबतं. भारतीय मॉल्ट मिळालं तर ते बहुधा राजस्थान-हरियाणाकडच्या सहा ओळींच्या बार्लीचं असेल. त्यात प्रथिनं आणि साल जास्त. बिअर थोडी धूसर दिसेल, चवीला काही बिघडत नाही.

तुमच्या आणि आमच्या कामात मोठा फरक असा की द्राक्षात साखर आयती असते. दाण्यात असतो स्टार्च. बार्लीला मोड आणून वाळवलं की ती मॉल्ट होते आणि त्या मोडाबरोबर तयार झालेली एन्झाइमं गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात. ६५ ला भिजवलंत तर यीस्टला खाता येणारी साखर जास्त, बिअर कोरडी. ६९ ला गेलात तर अंगाने जड. तुमची ६७ ठीक आहे, मी ६६ म्हणेन.

रेसिपीतलं पाण्याचं तापमान मात्र तसंच उचलू नका. तिकडे दाणे २० अंशांना धरलेले असतात, म्हणून ६७ हवं असेल तर पाणी ७३ ला घ्यायला सांगतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये गोणीतले दाणेच ३४ ला असतात. किलोला तीन लिटर या हिशेबाने सव्वाचौदा लिटर पाणी घ्या आणि ते ७१ च्या आत असतानाच दाणे सोडा. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण बिअर हलकी की जड हे तिथेच ठरतं.

तासाभराने पांढरी बशी घ्या. चमचाभर रस तिच्यावर पसरा, शेजारून टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडा. थेंब रसाला भिडतो ती कड बघायची. निळी-काळी झाली तर स्टार्च उरलाय, झाकण लावून आणखी पंधरा मिनिटं. आयोडीन आपल्या तपकिरी रंगावरच राहिलं तर काम झालं. सालीचा तुकडा बशीत येऊ देऊ नका, तो काळा पडतोच आणि उगाच धास्ती घालतो. बशीतला रस फेकून द्यायचा, परत पातेल्यात नाही.

मग पिशवी उचला, उरलेल्या पाण्यापैकी बरंचसं ७५ अंशांना गरम करून दाण्यांवरून हळूहळू ओता. दाणे किलोला लिटरभर पाणी पिऊन बसतात आणि उकळताना तीन-चार लिटर वाफ होते, हे धरून पातेल्यात पंचवीस लिटरच्या आसपास जमवा. चोथा गोठ्यात द्या, गाई तुमची वाट बघायला लागतील.

उकळून झाल्यावर ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, साडेबाराच्या आसपास यावा, म्हणजे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०५०. तुम्हाला बावीस-तेवीसची सवय, हे बघून पाणचट वाटेल. वाटू दे. १.०११ ला उतरली की अल्कोहोल पाच टक्के होतं, याहून जास्त या बिअरला शोभत नाही.

स्वच्छतेचं बजावून सांगतो. तुमच्या मस्टचा पीएच ३.३-३.४, त्यात बहुतेक जंतू तग धरत नाहीत, वर सल्फाइटचा पहारा. वॉर्टचा पीएच ५.२, गोड, कोमट, आणि पहाऱ्याला कोणी नाही. उकळी थांबल्यानंतर जे जे वॉर्टला लागेल ते सगळं पेरॅसिटिक ॲसिडने धुतलेलं हवं. नळी, चमचा, कात्रीसुद्धा, जिने यीस्टचं पाकीट कापाल.

हॉप्सवर आता बसून लिहितो, जेवण करून येतो.

एकोणीस_अंश

मास्तर जेवताहेत तोवर विरोधी पक्षाचं ऐकून घ्या.

क्वाइक हा जुगाड आहे. चांगला आहे, पण जुगाड. व्हॉसचा संत्र्याचा वास यीस्टचा असतो, हॉप्सचा नव्हे, आणि तो प्रत्येक बिअरला सारखाच येतो. ताईंना हॉप्स पुढे असलेली बिअर हवी आहे. मग यीस्टने तोंड बंद ठेवलं पाहिजे. यूएस-०५ हे नेहमीचं अमेरिकन एल यीस्ट घ्या, १९ ला ठेवा, आणि नाकाला फक्त हॉप्स लागू द्या. एक जुना सिंगल डोअर फ्रीज, फ्रीझरचं झाकण काढून, बाहेरून एक तापमान कंट्रोलर. वीस लिटरचा फर्मेंटर आत बसतो. हॉप्सची बिअर मुळात नाकाने प्यायची, तिच्यात दोन आवाज कशाला?

नाहीतर सरळ डिसेंबरपर्यंत थांबा. निफाडचा पारा पाच-सहावर येतो तेव्हा नाशकात रात्री कांबळं लागतं. आतल्या खोलीत फर्मेंटर ठेवला की १८-१९ फुकटात.

मॅशमास्तर

आलो. विरोधी पक्षाशी माझं अर्धं पटतं. डिसेंबरात मीही ०५ च वापरेन. पण ताईंचा डिसेंबर-जानेवारी मोकळा असतो का विचारा. जानेवारीत पहिली द्राक्षं क्रशरवर येतात, त्या दिवसांत सेलरमधल्या माणसाला जेवायला सवड नसते. त्यांना सवड आत्ता आहे.

फ्रीजचं म्हणाल तर तो एकाच गोष्टीसाठी वापरा असं माझं मत आहे, आणि ते आंबवणं नाही. तयार बिअर गार ठेवणं. ३६ अंशांच्या खोलीत हॉप्सचा वास आठवड्यात मान टाकतो. ज्यांच्याकडे एकच फ्रीज आहे त्यांनी तो शेवटच्या टप्प्याला राखून ठेवावा.

आता हॉप्स.

ताई, तुम्ही सोव्हिन्यॉ ब्लाँकवर काम करता ना? त्यातला पपनसाचा, पॅशनफ्रूटचा वास थायॉल गटातल्या संयुगांचा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यातली काही संयुगं हॉप्समध्येही असतात, कॅस्केड आणि सिट्रात तर नक्कीच. न्यूझीलंडमध्ये २००० साली आलेल्या एका हॉपचं नावच मुळी नेल्सन सोव्हिन आहे. तेव्हा नाक तुमचं तयार आहे, फक्त माल दुसरा.

तुमच्या रेसिपीला दोन वाणं पुरे. कॅस्केड हे १९७२ चं अमेरिकन वाण, ओरेगनचं. १९८० मध्ये सिएरा नेवाडाने त्यावर आपली पेल एल उभी केली आणि ही सगळी धाटणी तिथून पसरली. वास पपनसाचा, जरा फुलांचा. सिट्रा अलीकडचं, जास्त रसाळ, लिंबाची साल आणि आंब्याच्या अंगाने जाणारं. कडवटपणासाठी मॅग्नमसारखं काहीतरी तटस्थ.

उकळी फुटली की बारा ग्रॅम मॅग्नम, तासभर. शेवटच्या दहा मिनिटांना पंचवीस ग्रॅम कॅस्केड. मग गॅस बंद. आता लगेच हॉप्स ओतायचे नाहीत. कॉइलमधून पाणी सोडून वॉर्ट ८० वर आणा, पाणी थांबवा, आणि तेव्हा चाळीस ग्रॅम सिट्रा, तीस ग्रॅम कॅस्केड. ढवळून झाकून वीस मिनिटं. उकळत्या रसात हॉप्समधली अल्फा आम्लं कडू होतात आणि सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात. ८० ला कडू होणं मंदावतं, तेलं बरीचशी रसात राहतात. तुमचं 'वास हवा, घशातलं कडू नको' हे सगळं त्या वीस मिनिटांत साधायचं.

झाकण काढाल तेव्हा वर हिरवट चिखलाचा थर दिसेल, हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, फुगून फुटलेले. घाबरू नका, तो खाली बसतो. वॉर्ट काढताना वरून निवळ घ्या, तळाचा दीड लिटर सोडून द्या. त्या दीड लिटरचा लोभ धरू नका.

ड्राय हॉप म्हणजे आंबून झालेल्या बिअरमध्ये कोरडेच हॉप्स टाकणं. फेस बसला, ग्रॅव्हिटी १.०१४ च्या खाली आली की पन्नास ग्रॅम सिट्रा, तीस ग्रॅम कॅस्केड. दोन दिवस पुरेत, एवढ्या उष्णतेत त्याहून जास्त ठेवलंत तर गवताची चव उतरते. यीस्ट थोडं चालू असतानाच टाकायचं कारण की आत शिरलेला प्राणवायू ते खाऊन टाकतं. शिवाय हॉप्समधल्या जेरॅनिऑलचं काही अंशी सिट्रोनेलॉल करतं, वास लिंबाकडे वळतो.

झाकण उघडाल त्या मिनिटाला वरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहा. तुमच्या सेलरमध्ये टाक्यांवर गॅसची चादर घालायची सवय आहेच, तीच सवय इथे दुप्पट काटेकोर पाळा. हॉप्सच्या बिअरचा प्राणवायूसारखा वैरी नाही. सोनेरी रंग काही दिवसांत मळकट तपकिरी होतो, पपनस जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

हॉप्स घेताना पाकिटावर पिकाचं साल बघा. पाकीट फोडल्यावर जुन्या चीजचा वास आला तर परत करा. घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये, कपाटात नाही.

सेलरवाली_दिंडोरी

मास्तर, दंडवत. एकोणीस दादा, तुमचं पटतंय, पण डिसेंबरात मी सुट्टी मागितली तर वाइनमेकर मला टाकीत बुडवतील. क्वाइकच करते.

दोन शंका. सेटबरोबर कॉइल नाही. भावाने सुचवलं की तांबट लेनमध्ये कोणीतरी तांब्याची करून देईल. पण सेलरमध्ये आम्ही तांब्याला बिचकून असतो. थायॉलवाल्या वाइनला कॉपर सल्फेट जास्त झालं की वासच जातो. मग इथे तांब्याची कॉइल चालते कशी?

आणि आईच्या सालीचं काय? तिने कालच सुरीने साली सोलून उन्हात टाकल्यात. नाही कसं म्हणू?

मॅशमास्तर

शंका एकदम सेलरवालीला शोभेशी. तांबं गरम बाजूला चालतं. वॉर्टमध्ये उतरलेलं थोडंसं तांबं नंतर यीस्ट ओढून घेतं आणि गाळाबरोबर तळाला बसतं. आंबवून झाल्यावर मात्र तांब्या-पितळेचा एकही तुकडा बिअरला लागता कामा नये. तिथे ते थायॉल बांधून टाकतं आणि ऑक्सिडेशनला हातभार लावतं. बरेच जण कॉइल तांब्याची घेतात आणि मग फर्मेंटरला पितळी कॉक बसवतात. तो स्टीलचाच हवा, तुमचा आधी तपासा.

कॉइलसाठी तांबट लेनपेक्षा एसी दुरुस्तीवाल्याकडे जा. तीन अष्टमांश इंची नरम तांब्याची नळी गुंडाळीतच मिळते, दहा-बारा मीटर घ्या, एखाद्या डब्याभोवती वळवली की झालं. तांबट बिचारे घंगाळं सुंदर घडवतात, पण नळी त्यांचं काम नाही. पहिल्यांदा वापरायच्या आधी व्हिनेगरच्या पाण्यात उकळून काढा. पुढे दर वेळी उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांना पातेल्यातच बुडवून ठेवा, आपोआप निर्जंतुक होते.

साल: उन्हात वाळवलेली नको, पांढऱ्या भागासकट असणार, तो कडू. आईंना सांगा की साल घालणार आहे, फक्त ताजी, आणि किसणीवर नुसता केशरी पापुद्रा. एका संत्र्याचा कीस त्या ८० अंशांच्या वीस मिनिटांत टाका. त्याहून जास्त घातलात तर बिअरचं सरबत होतं आणि हॉप्सचे पैसे पाण्यात.

पेठचा_पोऱ्या

मधेच घुसतो. आमच्याकडे पेठ-सुरगाण्यात नागली पिकते. आजी मोड आणून, सावलीत वाळवून तिचं सत्व करते, लहान पोरांना. म्हणजे ते पण मॉल्टच झालं ना? बार्लीऐवजी तेच वापरलं तर? राजस्थानची बार्ली कशाला?

मॅशमास्तर

भाऊ, मॉल्टच झालं, आणि आजीचा हात या कामात ब्रुअरीच्या पोरापेक्षा सरस असणार. पण पूर्ण नागली नको. एक तर तिच्या स्टार्चला फुलायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं. ६६ वर तो अर्धवट कच्चा राहतो, आणि तापमान वाढवलं की साखर करणारी एन्झाइमंच मरतात. दुसरं, दाणा मोहरीएवढा आणि बार्लीसारखी साल नाही, पिशवीत लगदा होतो.

ताईंच्या पुढच्या खेपेला साडेचार किलोतली अर्धा किलो बार्ली काढून तिथे नागली घालता येईल. भरडून आधी वेगळी खिरीसारखी शिजवायची, मग गार करत करत मुख्य मॅशमध्ये मिसळायची. बार्लीची एन्झाइमं तिचंही काम करून देतात. यंदा मात्र नको. पहिल्या खेपेला काय कशामुळे झालं ते कळलं पाहिजे.

एकोणीस_अंश

बाटल्यांचं कोणीच बोललं नाही, आणि उन्हाळ्यात खरी भीती तिथे असते. ताई, बाटलीत भरणार की केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात?

सेलरवाली_दिंडोरी

केग मोकळा मिळाला तर केग. नाहीतर बाटल्या. ब्रुअरीतच ठेवणार, तिथेच चाखणार. वायनरीच्या हिरव्या बाटल्या ढिगाने आहेत, त्या चालतील?

एकोणीस_अंश

अजिबात नाही, दोन कारणांनी. साध्या वाइनची बाटली बिअरचा दाब धरायला केलेली नसते, फुटते. आणि हिरव्या काचेतून उजेड आत जातो. हॉप्समधली कडू संयुगं उजेडाने तुटून एक दुर्गंधी थायॉल बनतो, थोड्या वेळातच घाण वास येतो. तपकिरी, जाड, बिअरच्याच बाटल्या घ्या.

साखरेचं गणित नीट करा. इंटरनेटवरचा हिशेब तापमान विचारतो, तिथे फ्रीजचं तापमान टाकायचं नाही. आंबवून झाल्यावर बिअर सगळ्यात जास्त जितकी तापली तो आकडा टाकायचा. ३५-३६ ला बिअरमध्ये मुळातला गॅस कमी उरतो, म्हणून तिकडच्या सहा ग्रॅमऐवजी तुम्हाला लिटरला साडेसहा ते सात ग्रॅम साखर लागेल. थोड्या पाण्यात उकळून, गार करून, सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळा. प्रत्येक बाटलीत चमच्याने नको, एक फसफसते आणि दुसरी मुकी राहते.

आणि ड्राय हॉप केल्यावर लगेच भरायची घाई करू नका. हॉप्समध्येही एन्झाइमं असतात. न आंबणारी म्हणून उरलेली साखर ती फोडतात आणि झोपलेलं यीस्ट परत जागं होतं. बाटली बंद असेल तर पुढचं सांगायला नको. हॉप्स टाकल्यानंतर हायड्रोमीटरचं वाचन दोन दिवसांच्या अंतराने सारखं आलं तरच झाकणं लावा. तुमचा रिफ्रॅक्टोमीटर इथे कामाचा नाही, अल्कोहोलमुळे चुकीचं दाखवतो.

मॅशमास्तर

हे बरोबर बोलले. एकच जोड देतो: एक बाटली प्लॅस्टिकची भरा, सोड्याची अर्ध्या लिटरची चालते. बाकीच्यांबरोबरच ठेवा आणि रोज दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या त्याच दिवशी फ्रीजमध्ये.

सेलरवाली_दिंडोरी

लिहून घेतलं. मावसभावाला फोन केला, केग मोकळा नाही, तपकिरी बाटल्या आहेत, आणि फर्मेंटरचा कॉक पितळीच निघाला. अंबड दादा, स्टीलचा अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह कुठे मिळेल?

अंबड_टिग

नळाच्या दुकानात नको, तिथे स्टील म्हणून पॉलिश केलेलं पितळ हातात देतात. सातपूर किंवा अंबडला डेअरी आणि फार्माचं फिटिंग विकणारा गाठा. थ्री पीस बॉल व्हॉल्व्ह मागा, खोलून धुता येतो. जाताना जुना कॉक बरोबर न्या, आटे जुळले पाहिजेत. आणि खिशात लोहचुंबक असलं तर उपयोग नाही, ३०४ ला ते चिकटत नाही आणि पितळालाही नाही. आतल्या बाजूला किल्लीने एक ओरखडा मारून बघा, पिवळं दिसलं तर परत ठेवून द्या.